कविता घेऊन उभी राहशील तेव्हा

अगं, तुझा मेसेज वाचला. उत्तर दोन ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून निवांत लिहितेय. मराठी भाषा गौरव दिनाला, २७ फेब्रुवारीला, तुमच्या मंडळात तुला एक कविता वाचायची आहे, तिच्याविषयी बोलायचंही आहे, हाताशी आठ मिनिटं आहेत आणि तू शांता शेळक्यांची ‘पैठणी’ निवडली आहेस. निवड मला मनापासून आवडली. तो कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, त्यामुळे त्यांची ‘कणा’ कुणीतरी घेऊन येईलच, आणि यावंच. तू तुझ्या कवितेवरून हलू नकोस.

एक मात्र आधीच लक्षात घे. ‘पैठणी’ सगळ्यांना माहीत आहे. समोर बसलेल्या निम्म्या बायकांनी ती कधी ना कधी ऐकलेली असेल, आणि तू नाव उच्चारताच त्यांच्या मनात आपापली आजी उभी राहील. मग त्या तुझ्याकडे बघतील, मान डोलावतील, पण ऐकतील ती त्यांच्या आठवणीतली कविता. तुझं खरं काम इथे आहे. ओळखीच्या कवितेत त्यांच्या नजरेतून सुटलेलं काहीतरी त्यांना दिसलं पाहिजे. ते आधी तुला दिसायला हवं.

सुरुवात वहीपासून कर. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी प्रत घेऊ नकोस. तिथे ओळी कुठेही तुटतात, शब्द बदलतात, कधीकधी कडवंच्या कडवं गळून जातं. वाचनालयात जा, शांताबाईंचं पुस्तक काढ, आणि कविता आहे तशी, ओळीला ओळ, स्वतःच्या हाताने उतरवून घे. हाताने लिहिताना डोळे घाई करू शकत नाहीत. कुठे स्वल्पविराम आहे, कुठे नाही, कुठल्या ओळीवर वाक्य संपतं आणि कुठे ते पुढच्या ओळीत वाहत जातं, हे बोटांना कळतं. मग मोठ्याने वाच. स्वयंपाक करता करता वाच, केस विंचरताना वाच. समीक्षेचं पुस्तक अजून उघडू नकोस.

दहावीत तू रसग्रहण लिहायचीस ना, आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं? ती शिस्त वाईट नाही, पण ती परीक्षकासाठी होती. परीक्षकाला तुला सगळं दिसलंय हे दाखवावं लागतं. श्रोत्यांना ते दाखवायची गरज नाही. त्यांना एक-दोन गोष्टी अशा हव्यात की त्यानंतर कविता पुन्हा ऐकावीशी वाटेल. म्हणून अलंकार कुठला, वृत्त कुठलं, रस कुठला हे तुझ्या वहीत राहू दे. तुझ्या आवाजाला ते उपयोगी पडेल, भाषणाला नाही.

आता कवितेत शिरूया. मी कुठलीही कविता घेतली की आधी त्यातली क्रियापदं बघते. कोण काय करतंय? ‘पैठणी’त नात आपल्या आजीविषयी सांगते; ती आजी काय काय करते ते तूच शोध. सगळी कविता तिच्याबद्दल आहे, आणि ती फार थोड्या गोष्टी करते. लग्नात ती पैठणी नेसते. पदर हातात धरून सगळ्यांच्या पाया पडते. अत्तर लागलेली बोटं कधीतरी त्याच पैठणीला पुसते. आणि एक दिवस जाते. बस. तिचं नाव नाही, चेहरा नाही, ती कधी काय बोलली याचा एक शब्द नाही. ती गोरी होती की सावळी, हसरी होती की करारी, काही कळत नाही. तरी वाचून झाल्यावर आपल्याला वाटतं की ही बाई आपण पाहिली आहे. असं का वाटतं, या प्रश्नापाशी थोडी थांब. तुझं सगळं विश्लेषण त्यातून निघेल.

मला वाटतं, उत्तर त्या पुसलेल्या बोटांत आहे. नेसणं आणि पाया पडणं हे नवरीने करायचंच असतं, रीत तिच्याकडून ते करून घेते. बोटं पुसणं मात्र तिचं स्वतःचं. कवितेत खस आणि हिना येतात ना, ही दोन्ही अत्तरं आहेत. खस म्हणजे वाळ्याचं. हिना म्हटलं की हल्ली सगळ्यांना हातावरची मेंदी आठवते, तशी ती इथे घेऊ नकोस, नाहीतर सगळं चित्रच बिघडतं. कुठल्याशा समारंभात अत्तर लावून झालंय, घाई आहे, आणि इतक्या जपायच्या वस्त्राला तिने नकळत बोटं पुसली आहेत. तेवढ्या एका क्षणाला ती रीतीतून सुटून माणूस म्हणून दिसते. तू वाचताना इथे आवाज अजिबात चढवू नकोस. सहज वाच, जशी ती सहज वागली. ज्यांना दिसायचं त्यांना दिसेल, आणि ज्यांना दिसणार नाही त्यांच्यासाठी मधे बोलायला तुला वेळ आहेच.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते, आणि ती वर्गात सहसा सांगितली जात नाही. ही कविता तीन इंद्रियांनी पुढे सरकते. सुरुवातीला सगळं डोळ्यांचं आहे. पैठणी कुठे ठेवली आहे, कशाच्या खाली आहे, पदर कसा, रंग कुठला. मग वास येतो. आधी अंधूक, ओळखीचा की अनोळखी ते न कळणारा, मग धुपाचा, कापराचा, अत्तराचा, फुलांचा. आणि सगळ्यात शेवटी स्पर्श. नात ती पैठणी उराशी धरते. बघ हं, डोळ्यांनी आपण लांबचं बघू शकतो. वासाला थोडं जवळ जावं लागतं. स्पर्शाला अंतर चालतच नाही. म्हणजे कविता अख्खी एक जवळ जाणं आहे, आणि तेसुद्धा शांताबाईंनी कुठेही सांगितलेलं नाही, नुसतं रचलं आहे. तू हे ओळखलंस की वाचायचं कसं हा प्रश्न निम्मा सुटतो. पहिलं कडवं कपाटातली वस्तू दाखवावी इतक्या साध्या, जरा अंतर राखलेल्या आवाजात. वासाच्या कडव्यांत गती थोडी कमी कर. शेवटाकडे आवाज खाली येईल, पण तो रडवेला होऊ देऊ नकोस.

मधलं ते कडवं, जिथे वर्षं जातात आणि नव्या कापडाचा ताठपणा जाऊन तिथे मऊपणा येतो, ते माझ्या मते या कवितेचं बिजागर. (एवढी एक उपमा मला माफ, याहून नेमका शब्द सुचत नाही.) अख्खा संसार तिथे कापडाच्या पोतावर सांगितलाय. नवी नवरी आणि नवी पैठणी, दोन्ही ताठ. मग दोघी हळूहळू सैलावतात. या मऊपणात किती वापर आहे, किती झीज आहे, किती सवय आहे, ते कवयित्री मोजून देत नाही. सुखाचा संसार होता की सोसण्याचा, तेही नाही सांगत. अशा जागी वाचणाऱ्याने आपला अर्थ आवाजातून लादायचा नसतो. तुला तो मऊपणा सुखाचा वाटत असेल, शेजारच्या काकूंना तो सोसण्याचा वाटेल. दोघींना जागा राहील असं वाच.

आता अवघड जागेकडे येते, कारण तू विचारलंयस आणि विचारलंस ते बरं केलंस. आजी सवाष्ण असताना जाते, आणि तिच्या मरणाचं सोनं झालं असं कविता म्हणते. तुमच्या मंडळात नवरा गेलेल्या बायका समोर बसलेल्या असतील. त्यांच्या कानांवर हे कसं पडेल, ही तुझी काळजी अगदी खरी आहे. ते कडवं गाळावं का, असं तू लिहिलंयस. गाळू नकोस. कविता पूर्ण वाचायची किंवा वाचायचीच नाही. आणि तिथे थांबून समाजप्रबोधनही करू नकोस, कवितेच्या मधोमध टिप्पणी आली की पुढचं काहीच ऐकू येत नाही. दोन वाचनांच्या मधे जेव्हा बोलशील (ते पुढे सांगते), तेव्हा एवढंच म्हण की आजीच्या जगात भाग्याची मोजमापं वेगळी होती, आणि नात ती मापं बदलत नाही, आजीच्याच शब्दांत आजीचा निरोप घेते. हे खरंही आहे. आजीच्या आयुष्याला लग्न, श्रावणातली व्रतं, फुलं, संसार याखेरीज काही होतं का, हे नातीला माहीत नाही. निदान ती बोलत नाही. त्या न बोलण्यात एक दुखरी जागा आहे असं मला नेहमी वाटतं. आणि असं वाच की त्या समोरच्या बायकांकडे त्या ओळींना तुझी नजर जाणार नाही. कागदाकडे बघ, किंवा सभागृहाच्या शेवटच्या भिंतीकडे.

आणि शेवट. शेवटी काय घडतं ते शंभर वेळा ऐकूनही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. इतका वेळ नात आपल्याला सांगत होती. आपण श्रोते होतो. शेवटच्या ओळीत ती आपल्याकडे पाठ फिरवते आणि थेट पैठणीवरच्या चौकड्यांशी बोलायला लागते. आजीशी नाही बोलत, ते आता शक्य नाही हे तिला कळतं. ती चौकड्यांच्या हाती खुशालीचा निरोप धाडते. सासरी गेलेल्या मुलीने माहेरी निरोप पाठवावा, तसा. आपल्या जात्यावरच्या ओव्या आठव. त्यांत बायका पाखरांच्या हाती माहेरी सांगावे धाडतात. कालिदासाचा यक्ष ढगाच्या हाती धाडतो, आणि त्या ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद याच शांताबाईंनी केलेला आहे. निरोप नेणारा काही बोलणार नाही, हे पाठवणाऱ्याला ठाऊक असतं, तरी पाठवल्यावाचून राहवत नाही. ही किती जुनी रीत शांताबाईंनी एका लुगड्याच्या घडीत आणून ठेवली बघ.

मला वाटतं, तू सभागृहात सांगायची मुख्य गोष्ट हीच. आठ मिनिटांत दुसरं काही सांगितलं नाहीस तरी चालेल.

आता आठ मिनिटांची आखणी. कविता साधारण दोन मिनिटांत वाचून होते. माझा आग्रह आहे की ती दोनदा वाच. आधी एकदा, अगदी जुजबी ओळख करून. मग बोल. मग पुन्हा एकदा. पहिल्या वाचनाला लोक आपापल्या आजीला भेटून येतील, ते त्यांना करू दे. मग तू त्या पुसलेल्या बोटांकडे बोट दाखवशील, डोळे-वास-स्पर्श हा प्रवास सांगशील, आणि शेवटी नात कुणाशी बोलते ते विचारशील. उत्तर लगेच देऊ नकोस. आणि दुसऱ्यांदा वाचशील तेव्हा ते शोधत ऐकतील. सगळं बोलणं आधी आणि कविता शेवटी, असं केलंस तर लोक कवितेची वाट बघत तुझं भाषण सोसतात. कविता आधी आणि भाषण शेवटी केलंस तर कार्यक्रम तुझ्या शब्दांवर संपतो, शांताबाईंच्या नाही.

सुरुवातीची ओळख अशी काहीशी असू दे: “शांता शेळके यांची ‘पैठणी’ मी वाचणार आहे. आपल्यातल्या पुष्कळ जणींना ती माहीत आहे. ज्या मुली इथे आहेत त्यांच्यासाठी दोनच शब्द सांगते. फडताळ म्हणजे भिंतीतलं कपाट, आणि कुंची म्हणजे तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून पाठीवर येणारं टोपडं.” बस, वाचायला लाग. ‘धानी’ विचारलं कुणी तर सांग, हिरव्याची कोवळी, जरा पिवळसर छटा. ‘नारळी’ हे पैठणीच्या विणीतलं ठरलेलं नाव आहे, येवल्याच्या विणकरांकडे ते आजही चालतं.

शांताबाईंची माहिती किती द्यायची, हे तू विचारलंस. थोडी. १२ ऑक्टोबर १९२२ ला इंदापूरला जन्म, आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग’मध्ये पत्रकारिता, नागपूरला आणि मुंबईत मराठीचं अध्यापन, अमाप गीतं, १९९६ च्या आळंदीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, ६ जून २००२ ला निधन. ही यादी वाचून दाखवलीस तर तीस सेकंद जातील आणि कुणाच्या लक्षात काही राहणार नाही. त्यातलं कवितेला जोडून येईल ते एकच घे, आणि माझ्या मते ते ‘मेघदूत’ आहे. त्या स्वतः अविवाहित होत्या, ते मात्र इथे आणू नकोस. मग लोक कवितेतली नात म्हणजे शांताबाई असं धरून चालतात आणि दोघींच्या आयुष्यांची तुलना करायला लागतात. कवितेतला ‘मी’ कवीचा असेलच असं नसतं. त्या नातीला नात राहू दे.

वाचनाची लय सांभाळ. या कवितेत एकाआड एका ओळीला यमक आहे, आणि ते इतकं कानाला गोड आहे की वाचणारी नकळत प्रत्येक ओळीच्या टोकाला थांबून हेल काढते. पण सुरुवातीचं वाक्य बघ, ते किती ओळी ओलांडत खाली येतं. ओळीगणिक थांबलीस तर वाक्याचे तुकडे होतील. वाक्याच्या मागे जा, यमक आपलं आपण वाजतं, त्याला ढकलावं लागत नाही. चाल लावून म्हणावी का, असं तुझ्या मैत्रिणीने सुचवलंय. काव्यगायनाची परंपरा आपल्याकडे मोठी आहे, रविकिरण मंडळाच्या कवींनी गाऊनच कविता घराघरांत नेली. पण ‘पैठणी’ बोलत बोलत जाणारी कविता आहे. चाल लागली की ती बाई कपाटापाशी उभी राहून बोलतेय हे निघून जाईल.

ऐकायचं असेल तर पाडगावकर, विंदा करंदीकर आणि वसंत बापट यांचं ऐक. हे तिघं मिळून गावोगाव कविता वाचत हिंडले आणि सभागृहं भरत राहिली. तिघांचे आवाज आणि ढंग इतके वेगवेगळे की वाचायची एकच बरोबर पद्धत असते हा समज तिथेच गळून पडतो. पण ते आपल्याच कविता वाचत होते. तुझ्यासारखं दुसऱ्याची कविता घेऊन उभं राहणं पु.ल. आणि सुनीताबाईंनी केलं. बोरकर, मर्ढेकर, आरती प्रभू त्यांनी रसिकांसमोर वाचले. सुनीताबाईंचं मोठेपण मला यात वाटतं की कविता ऐकताना त्या मधे येत नाहीत. त्यांची नक्कल करू नकोस, कुणाचीच करू नकोस. फक्त त्या कुठे थांबतात ते बघ.

बाकी किरकोळ, पण दगा देणाऱ्या गोष्टी. मोबाइलवरून वाचू नकोस. ऐन कडव्यात स्क्रीन काळी होते किंवा कुणाचा फोन येतो. मोठ्या अक्षरांत कागदावर काढ, एका पुठ्ठ्यावर लाव म्हणजे हात थरथरले तरी कागद फडफडणार नाही. पाठ कर, तरी कागद समोर ठेव. माइकपासून वीतभर लांब उभी राहा; ‘प’ फार आहेत या कवितेत, फार जवळ गेलीस तर स्पीकरमधून फटफट आवाज येईल. मागे बासरी वाजवतो असं कुणी प्रेमाने म्हणालं तर नम्रपणे नको म्हण. आणि आईची पैठणी टेबलावर मांडून ठेवायची तुझी कल्पना आहे ना, ती सोड गं. समोर खरी पैठणी असली की लोक तिचे काठ बघत बसतील. शांताबाईंनी जी विणली आहे ती ऐकणारीच्या मनात उलगडू दे, प्रत्येकीची वेगळी.

सरावाला आईला बसव, पण तिला “कशी वाटली?” असं विचारू नकोस, ती छानच म्हणेल. तिला विचार, काय दिसलं. जे तिला दिसलं नाही तिथे तुझी वाचायची गती बघ, बहुतेक तिथे तू घाईने पुढे गेलेली असशील.

कार्यक्रमानंतर कुणी विचारेल, कवितेत आजोबा कुठे आहेत? चांगला प्रश्न आहे. ते सवाष्णपणापुरतेच आहेत, आडून. का, ते कविता सांगत नाही, आणि तूही त्यांच्यासाठी उत्तर तयार करू नकोस. विचारणारीलाच विचार, तुम्हाला काय वाटतं. मंडळातल्या बायका एकदा बोलायला लागल्या की तुझी आठ मिनिटं अर्ध्या तासावर जातील, म्हणून सूत्रसंचालन करणाऱ्या वहिनींना आधीच सांगून ठेव की तुझ्यानंतर लगेच गाण्याचा कार्यक्रम लावू नका, चहा ठेवा.

आणि मला रेकॉर्डिंग पाठव. पहिलं वाचन नको, दुसरं पाठव.